हलकं तेच चांगलं?

गेल्या टर्मला मटेरियल्सच्या सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या रूमवर वाद पेटला. विषय काय, तर पॉइंट टू-टू रिमफायर रिव्हॉल्व्हरची फ्रेम स्टीलची बरी की अलॉयची. (स्टील हाही अलॉयच, हे सर लाल पेनने लिहितीलच. पण बंदुकीच्या कॅटलॉगात अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा.) चौघांपैकी तिघं अलॉयवाले. कारण एकच, हलकं असतं! मी एकटा स्टीलवाला.

"अ‍ॅल्युमिनियम टिकणार नाही" हे माझं पहिलं आर्ग्युमेंट, आणि ते गणितातच आपटलं. .22 लाँग रायफलचं कमाल प्रेशर 24,000 पीएसआय, .38 स्पेशलचं 17,000. म्हणजे धाकटीच जास्त खतरनाक? छे. फ्रेमवर येतो तो फोर्स, आणि तो काढायला प्रेशरला एरियाने गुणावं लागतं. .22 च्या केसचा व्यास 0.226 इंच, .38 चा 0.379. ढोबळ हिशेबाने एकीकडे 960 पाउंड, दुसरीकडे 1,900. निम्माच! कोल्टने .38 साठी अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचं 'कोब्रा' 1950 मध्येच बाजारात आणलं होतं. मग .22 ला काय धाड भरलीय? अमेरिकन हवाई दलाने त्याच दशकात फ्रेमबरोबर सिलिंडरही अ‍ॅल्युमिनियमचा केला आणि ते प्रकरण अंगाशी आलं, पण तेही .38 मध्ये. तेव्हा ताकदीच्या मुद्द्यावर मी हरलो, मान्य.

पण खरी गोम ट्रिगरमध्ये आहे. रिमफायरमध्ये पेटणारा मसाला केसच्या कडेत भरलेला असतो. ती कड चेचली जाईल इतका जोरात हॅमर बसावा लागतो, म्हणून स्प्रिंग कडक, आणि डबल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर ओढायला काही किलोंचा जोर. आता स्मिथ अँड वेसनचं अलॉयचं मॉडेल 317 घ्या. वजन साधारण 330 ग्रॅम. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जोराने एक बोट त्याला ओढतंय, आणि आपली अपेक्षा काय, तर नेम हलू नये! त्याच कंपनीचं स्टेनलेस स्टीलचं 617, सहा इंची नळीचं, सव्वा किलोचं. हात थरथरला तरी ते सहजासहजी हलत नाही. इनर्शिया, दुसरं काय. .22 ला धक्का नसतोच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे वजन लागतं ते धक्का सोसायला नाही, स्थिर राहायला.

पटत नसेल तर आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेकडे बघा. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, काडतूस हेच .22 चं. त्या प्रकारात रायफलचं वजन 8 किलोच्या वर जाऊ नये असा नियम आहे. वजन नकोसं असतं तर असा नियम करायची वेळ कशाला आली असती?

तेव्हा रेंजवर उभं राहून रोज शंभर गोळ्या झाडायच्या असतील तर माझं मत डोळे मिटून स्टीलला. दिवसभर रानात हिंडायचं, रिव्हॉल्व्हर कमरेला, झाडायची वेळ क्वचित, तर अलॉय. ते 900 ग्रॅम संध्याकाळपर्यंत जाणवतात.

दुसऱ्या दिवशी चौघांच्याही फाईलवर एकच लाल शेरा आला, "वापर कशासाठी?" तो रकाना आम्ही चौघांनीही कोरा सोडला होता. माझा रूम पार्टनर अजून अलॉयवरच अडून आहे. असो. ट्रेकला स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा दुसऱ्याच्या सॅकमध्ये टाकणारा प्राणी तो. त्याच्यापुरतं त्याचं बरोबरच आहे.