रोजमेळ आणि नवे यंत्र

१ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला; पाठोपाठ मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले. आमचे वडील सांगत की, त्या वेळी पेठेत पुष्कळांनी आता धंदा बुडाला असेच म्हटले. वडिलांनी मात्र नवी कोष्टके पाठ केली आणि दुकान चालले.

२०१६ साली यूपीआय आले तेव्हा आम्ही हा धडा विसरलो. शिकण्याचा कंटाळा करून तो व्यवहार चिरंजीवांवर सोपविला. एकदा ते परगावी असता एका गिऱ्हाइकाने पैसे भरल्याचे चित्र आपल्या मोबाईलवर दाखविले आणि आम्ही वीस पोती ज्वारी सोडली. सायंकाळी मेळ बसेना; रक्कम खात्यावर आलीच नव्हती!

दोष यंत्राचा नव्हे, आमच्या आळसाचा. दुसऱ्याच्या मोबाईलवरील चित्र म्हणजे पावती नव्हे. आपल्या खात्यावर जमा झालेली रक्कम तीच खरी. ती पाहण्यास मिनिटही लागत नाही, परंतु पाहणे स्वतःस यावे लागते. म्हणून समवयस्क व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे की, नातवंडांपुढे विद्यार्थी होऊन बसण्यात कमीपणा मानू नये. यंत्र नवे असो वा जुने, रोजमेळ मात्र आपल्याच हाताने बसवावा.