घरच्या फटाक्यांची हौस

चकली घरची, करंजी घरची, आकाशकंदील घरचा. मग फटाकाच विकतचा का, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाला पडला तर नवल नाही. पण या हौसेची किंमत २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशाने मोजली. भोपाळ, विदिशा भागात कार्बाइडच्या गावठी बंदुकांनी शंभराहून अधिक जण जखमी झाले. त्यांत मुलेच जास्त. बार उडाला नाही म्हणून मुले नळीत डोकावली आणि नेमका तेव्हाच तो उडाला. काहींची दृष्टी कायमची गेली.

दारूकामाची कृती हे काही गुपित नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी भारतातील दारूकामाच्या इतिहासावर लिहिताना ओरिसाच्या प्रतापरुद्रदेवाच्या ‘कौतुकचिंतामणी’तील कृतींची नोंद केली आहे. सोरा, गंधक, कोळसा ही नावे पोथीत चारशे-पाचशे वर्षांपासून आहेत. परंतु कृती कळली म्हणजे कसब आले असे नाही.

यामागचे शास्त्र समजून घ्यायला हवे. दारूत एक जळणारा पदार्थ असतो आणि दुसरा त्याला प्राणवायू पुरवणारा. वेगवेगळे असताना दोघेही बहुधा निमूट असतात. एकत्र आले की घासणे, ठोकर, अंगावरच्या नायलॉनच्या कपड्यातली स्थिर वीज, एवढेही निमित्त पुरते. क्लोरेट आणि गंधक यांची जोडी तर इतकी बेभरवशाची, की ब्रिटनने तिच्यावर १८९४ मध्येच बंदी घातली. आपल्याकडे तशी अधिसूचना जानेवारी १९९२ मध्ये निघाली. तेव्हा ‘आमच्या लहानपणी सर्रास चालायचे’ हा युक्तिवाद कोणी करू नये. चालायचे, तसे हातही जायचे.

परवानाधारक कारखान्यांत सुट्या खोल्या, मोजकी माणसे, थोडाच माल असे नियम असतात. तरीही ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळच्या स्फोटात ३५ हून अधिक माणसे दगावली. मग जिथे गॅस पेटलेला आणि धाकटे भावंड पायात घुटमळते आहे, त्या घराची काय कथा! विनापरवाना दारू बनवणे हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हाही आहे.

मुलांचे कुतूहल मात्र दडपू नये. मिठाचे पाणी उतू गेले की गॅसची निळी ज्योत पिवळी का होते, इथून सुरुवात करावी. पुढचे रंग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखत पाहावेत. मुलाच्या कप्प्यात अशी पूड सापडलीच, तर ती हलवू नये, कचऱ्यात टाकू नये. अग्निशमन दलाला कळवावे. रागावणे नंतरही जमेल.

दिवाळी दरवर्षी येते. गेलेला डोळा येत नाही.