विश्लेषण : ‘नायट्रिक ऑक्साइड बूस्टर’ने रक्तवाहिन्या खरंच मोकळ्या होतात का?

जिममध्ये आणि ऑनलाइन दुकानांत ‘नायट्रिक ऑक्साइड बूस्टर’ नावाच्या पावडरी धडाक्यात विकल्या जातात. बहुतेकींत एल-आर्जिनिन हे अमिनो आम्ल असतं. दावा असा की ते खाल्लं की रक्तवाहिन्या रुंदावतात. शरीरातलं गणित मात्र इतकं सरळ नाही.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो. त्यातलं ‘ईनॉस’ हे एन्झाइम आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड वायू बनवतं. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात भिंतीतले स्नायू सैल पडतात. या वायूच्या शरीरातल्या कामाच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं.

मग एन्झाइमचं बटण कुठे आहे?

1999 मध्ये दोन संशोधक गटांनी ‘नेचर’मध्ये याचं उत्तर दिलं. ‘एकेटी’ नावाचं दुसरं एन्झाइम ईनॉसच्या 1177 क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेटचा गट चिकटवतं आणि वायूची निर्मिती वाढते. चालताना, धावताना रक्ताचा प्रवाह वाढून भिंतीवर घासतो, तेव्हा हेच घडतं. इन्सुलिनही हाच मार्ग वापरतं. उलट 495 क्रमांकाच्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसलं की काम मंदावतं. म्हणजे एकच रसायन, पण जागा बदलली की हुकूम उलटा!

मधुमेहात काय बिघडतं?

गायीच्या महाधमनीतल्या पेशींवर झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की ग्लुकोज वाढलं की साखरेपासून बनलेला एक गट ईनॉसला चिकटतो आणि 1177 वरचं फॉस्फेट घटतं. ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत, म्हणून ही गोष्ट आपल्यासाठी प्रयोगशाळेपुरती उरत नाही.

पेशीत आर्जिनिन सहसा पुरेसं असतंच. बटणच बंद असेल तर कच्चा माल ओतून काय होणार? अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 153 रुग्णांवर याची चाचणी झाली. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला नाहीच. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी 6 जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. नवे रुग्ण घेणं मध्येच थांबवावं लागलं. 2006 च्या या अहवालाने झटक्यानंतर आर्जिनिन देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं. डब्यावरच्या जाहिरातीत हे सापडणार नाही, त्यामुळे हृदयरोग असलेल्यांनी डबा फोडण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.