राजा, प्रधान, हवालदार आणि वीस बाजूंचा फासा

खडकवासला, किरकटवाडी, नांदेड या भागात सुट्टीच्या दिवशी टेबलाभोवती बसून 'डी अँड डी'सारखे खेळ खेळणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना माझी एक विनंती आहे. हे खेळ मराठीत खेळा. सगळा खेळ जमत नसेल तर निदान त्यातली थट्टामस्करी तरी मराठीत करा.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी भुरटा चोर. समोर काय वाढून ठेवलंय ते गेम मास्टर सांगतो, आपण काय करणार ते खेळणारे सांगतात, आणि जिथे शंका असेल तिथे जमलं की फसलं ते फासा ठरवतो. लिहिलेले संवाद नसतात, जे सुचेल ते बोलायचं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला.

विनोद त्यात जुनाच आहे. 'डी अँड डी'तल्या वीज पाडायच्या मंत्राला लागणारं सामान बघा: थोडी प्राण्याची लव आणि काचेची कांडी. कांडी घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केलाय. एवढा मोठा जादूगार, आणि त्याच्या पोतडीत विज्ञानाच्या मास्तरांचं साहित्य! १९७५मध्ये केन सेंट आंद्रे यांनी 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला, त्यात तर मंत्रांची नावंच थट्टेची होती. १९८४च्या 'टून'मध्ये पात्र मरतच नाही. व्यंगचित्रपटातल्या मांजरासारखं ते आडवं होतं, खेळणारा तीन मिनिटं गप्प बसतो आणि पुन्हा उठून धावायला लागतो.

त्याच वर्षीच्या 'पॅरानोया'कडे मात्र नीट बघावं असं मला वाटतं, कारण थट्टा कशी उभी राहते ते त्यात स्वच्छ दिसतं. जमिनीखालचं एक शहर आहे आणि त्यावर एका संगणकाचं राज्य आहे. गुप्त संघटनेत असणं हा तिथे देशद्रोह, अंगात काही अचाट शक्ती असणं हाही देशद्रोह, आणि खेळणाऱ्या प्रत्येकाच्या पात्रात ही दोन्ही पापं असतातच. त्यामुळे सगळे एकमेकांची चुगली करत हिंडतात. मेलात तर तुमची पुढची हुबेहूब प्रत हजर होते. हे सगळं हसवतं, कारण तो संगणक स्वतः कधीच हसत नाही. त्याला आपल्या प्रजेची खरोखर काळजी आहे. तोही डोळे मिचकावू लागला तर भीती संपते, आणि भीतीबरोबर मजाही.

आपल्याकडे ज्यांना खेळताना ऐकलंय त्यांची मजा बहुतेक उसनी असते. चहा सांगायचा मराठीत, फासा कुणाकडे गेला म्हणून भांडायचं मराठीत, पण पात्राने तोंड उघडलं की इंग्रजी. विनोद १९७५च्या 'मॉन्टी पायथॉन'च्या सिनेमातले, तेही इंटरनेटवरून पाठ झालेले. ऐकणारे ओळखीचं वाक्य आलं म्हणून हसतात. ते हसू वाईट नाही, पण तिथे त्या क्षणी कुणाला काही सुचलेलं नसतं. या खेळाचा सगळा जीव तर तिथल्या तिथे सुचण्यात आहे.

आणि तिथल्या तिथे सुचण्याची आपली परंपरा केवढी मोठी आहे! कोकणातला दशावतार घ्या. रात्री आख्यान कोणतं लावायचं ते ठरतं, कोण कुणाचं काम करणार ते ठरतं, आणि नट रंगायला बसतात. लिखित संहिता नाही. कथेचा सांगाडा सगळ्यांना माहीत, भाषणं मात्र उभ्या उभ्या रचायची. आख्यानाच्या आधीच्या भागात संकासुर येतो. अंगात काळे कपडे, बाहेर लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा हा दैत्य मालवणीत बोलतो आणि समोर येईल त्याची फिरकी घेतो. शेवटी विष्णूच्या हातून तो मरणार हे सगळ्या जत्रेला माहीत असतं. तोवर मात्र मंच त्याचाच. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संकासुराची बोली समोर बसलेल्या माणसांची आहे, म्हणून ते हसू आतून येतं. आपल्या टेबलावर पहारेकरी गावरान बोलला की हशा पिकतो तेव्हा उलटं होत असतं. तिथे शहरातली माणसं गावच्या बोलण्याला हसत असतात. ते करू नका. खडकवासल्यात तर मुळीच नको. २०२१मध्ये आपण महापालिकेत गेलो, पण गाव इथेच आहे आणि ती बोली शेजारच्या घरात बोलली जाते. तिला शहाण्याची भूमिका द्या आणि छापील मराठी प्रधानाच्या तोंडी घाला.

तमाशाच्या वगाकडूनही शिकण्यासारखं खूप आहे. १९६५मध्ये वसंत सबनीसांचा 'विच्छा माझी पुरी करा' रंगमंचावर आला. नकाशावर नसलेलं राज्य, त्यात राजा, प्रधान, कोतवाल आणि दादा कोंडक्यांचा हवालदार. प्रयोग दीड हजारांच्या वर झाले, आणि दादा त्या त्या दिवसाच्या घडामोडी त्यात ओवत गेले, म्हणून एकदा पाहिलेला माणूसही पुन्हा तिकीट काढायचा. राज्य काल्पनिक, कारभार मात्र ओळखीचा. तुमच्या गेम मास्टरला याहून चांगला आराखडा कुठल्या पुस्तकात मिळणार आहे?

आपल्याच गावावर असं एक राज्य रचून बघा. सामान तयार आहे. वर पानशेत, वरसगाव, टेमघर, खाली आपलं धरण, आणि त्यातून निघून दौंड-इंदापूरकडे जाणारा कालवा. शहराला किती पाणी आणि शेतीला किती, यावरून दरवर्षी ओढाताण. समजा, जलाशयाच्या तळाशी एक महानाग झोपलाय आणि त्याला कालव्यातून खाली जायचंय. पण आवर्तन सुटल्याशिवाय तो जाणार कसा? आणि आवर्तन तर कालवा समितीची बैठक झाल्याशिवाय सुटत नाही. तुमची पात्रं धावत दरबारात येतात.

"महाराज, नाग जागा झालाय!"

"त्याचा अर्ज आलाय का?" प्रधान विचारतो.

"अर्ज घेऊन निघालेला शिपाई त्याने गिळला, प्रधानजी."

"म्हणजे अर्ज आत गेलाय. पोच द्या."

इथे गेम मास्टरने काय सांभाळायचं? नाग खरा ठेवायचा. तो खरंच माणसं गिळतो, फासा वाईट पडला तर तुमचंही पात्र गिळेल. प्रधान नियमाला खरंच जपतो, त्याला आपण काही वावगं करतोय असं वाटत नाही. नागही विनोदी, प्रधानही विनोदी, वीरही विनोदी केलात तर पाऊण तासात सगळे कंटाळून मोबाइल बघायला लागतील. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये समकालीन कवींची टर उडवली, ती त्या कवींची वृत्तं आणि लकबी हातात पक्क्या होत्या म्हणून. तुम्हालाही वीरकथेची टर उडवायची असेल तर आधी एक वीरकथा मनापासून खेळा.

थट्टा कुणाची करायची तेही बोलून घ्या. राजाची करा, प्रधानाची करा, आपल्या स्वतःच्या पात्राची तर हवी तेवढी करा. शेजारी बसलेल्याची नको. त्याचं बोलणं अडखळतं, तिला नियम उशिरा कळतात, कुणाचं आडनाव, कुणाचा रंग, यातलं काहीही पात्राच्या आडून बोलू नका. "मी नाही, माझं पात्र बोललं," ही सबब मी ऐकलेली आहे. लागायचं ते माणसालाच लागतं. नवीन आलेली मुलगी दोनदा कसनुशी हसून तिसऱ्यांदा यायची बंद होते, आणि कुणाला कारणही कळत नाही.

आणखी एक. धरणावर राज्य रचताना धरण फुटण्याची गंमत करायचा मोह होईल. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने आपलं धरणही फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्यांनी तो दिवस पाहिला अशी माणसं अजून आपल्या घरांत आहेत. ते त्यांच्याकडून ऐका, त्याचा खेळ करू नका.

आईवडिलांना, आजीआजोबांना मी एवढंच म्हणेन की मुलांनी बोलावलं तर नाही म्हणू नका. नियम माहीत नसले तरी चालतं, फासा कधी टाकायचा ते मुलं सांगतील. ज्यांनी वग पाहिलेत, जत्रेत रात्र जागवलीय, गवळणींना अडवणारा पेंद्या आणि फणकारणारी मावशी ज्यांच्या कानात आहे, त्यांच्याजवळ या मुलांना कुठेही विकत न मिळणारा ऐवज आहे. आजोबांना प्रधान करा, आजीला राणी नको, हवालदार करा.

येत्या रविवारी दुपारी, धरणाच्या चौपाटीकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरला की तसंही कुणाला बाहेर पडता येत नाही. चार पात्रं, एक नाग, एक दरबार, तीन तास. विनोद आधी लिहून आणू नका. राजाला आणि नागाला काय हवंय तेवढं ठरवून या आणि प्रधानाला पहिलं वाक्य बोलू द्या.