बेटावर कुत्रं नको, मांजर नको, आणि पाहुणाही उतरवू नका



उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मधले उंचवटे उघडे पडतात. तिथं आपण जाळी वाळवतो, सावली करून भाकरी खातो. होडीत कुत्रं असलं तर तेही उतरतं. त्याच दिवसांत तिथं सुरय, आर्ली, टिटव्या अंडी घालतात, तीही उघड्या खड्यांवर. घरटं म्हणजे मातीत जरासा खळगा. अंडी खड्यासारखीच दिसतात, पाय पडल्यावरच कळतं. चारी बाजूंनी पाणी म्हणून कोल्हा, मुंगूस पोचत नाही, आणि पक्ष्यांनी जागा निवडली ती त्याच भरवशावर. कुत्रं मात्र आपणच पोचवतो.

आता काही जण म्हणतात, बेटावर पायवाट करू, पाहुणे नेऊ, चार पैसे मिळतील. पैसे मिळावेत हे आम्हालाही पाहिजे. पण उतरवून नको.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळ टिरिटिरी मातांगी नावाचं साधारण 220 हेक्टरचं बेट आहे. आधी तिथं शेती आणि मेंढ्या होत्या, झाडं जवळपास संपली होती. 1984 ते 1994 या काळात लोकांनी स्वतः जाऊन अडीच लाखांवर रोपं लावली. 1993 मध्ये उंदीर संपवले. दुसरीकडं संपत आलेले पक्षी तिथं आणून सोडले. आज लोक बोटीनं जातात, आखलेल्या वाटांवरून चालतात, पक्षी बघतात. पण जाण्याआधी बूट घासायचे, पिशवी तपासायची, की आत उंदीर किंवा मुंग्या नाहीत. एवढा कडकपणा उगाच नाही. त्याच देशातल्या स्टीफन्स बेटावर 1894 च्या सुमारास दीपगृहाच्या माणसांसोबत मांजरं आली, आणि न उडणारा एक इवला पक्षी थोड्याच वर्षांत कायमचा संपला.

आपली बेटं तर पाऊस पडला की बुडतात. तिथं कसली पायवाट? वाट काठावर करा, बांधाच्या कडेनं, आणि बेट होडीतून लांबूनच दाखवा. भद्रा धरणातल्या बेटांवर सुरयांची मोठी वसाहत आहे, लोक ती बोटीतूनच बघतात. उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ मासेमार भाऊच हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब हंस दाखवायला होडी चालवतात, पाहुण्याला घरी माशाचं जेवण देतात. होडी आपली, वल्हं आपलं, पाण्याची माहितीही आपलीच. बाहेरचा कोणी ठेका घेऊन बसायच्या आधी हे काम संस्थेनं धरावं.

"पक्षी आपले मासे खातात" असंही ऐकू येतं. पाणकावळा बीज खातो, खोटं कशाला बोला. पण सुरय वरच्या पाण्यातला बोटभर मासा उचलतो, तुमच्या कटल्याला त्याचा काही धक्का नाही. जगभर हा पक्षी कमी होत चाललाय.

येत्या बैठकीत आमचं म्हणणं एवढंच: फेब्रुवारी ते मे बेटावर जाळी वाळवायची नाहीत, कुत्रं आणि शेळ्या न्यायच्या नाहीत. काठावर जाळ्यांचा ढीग लावताना झाडून घ्या, उंदीर त्यातच दडून होडीत चढतो. फेरीचा दर आणि पाळी कोणाची, हे बायकांना धरून ठरवू, कारण जेवणाचं काम त्यांच्यावरच येणार आहे.