आधी पत्ता, मग पिशवी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एखाद्या अनाथाश्रमाला किंवा वृद्धाश्रमाला फोन करून बघा. पंचवीस तारखेचं जेवण द्यायचंय म्हणालात, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, 'ती तारीख गेली.' चोवीस? तीही गेली. एकतीस कुठल्याशा कंपनीने दिवाळीतच घेऊन ठेवलेली असते. लाल टोप्या घातलेली मंडळी केक घेऊन येतात, मुलांना ओळीने बसवतात, टाळ्या वाजवून गाणं म्हणायला लावतात, फोटो होतो, गाड्या निघून जातात. अर्ध्या तासाने दुसरी मंडळी, दुसरा केक. हाच फोन दहा जानेवारीला केलात, तर हवी ती तारीख मिळते.

देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. वर्षातून एकदा का होईना, हात खिशाकडे जातो हे चांगलंच. पण आपण देतोय ते कोणाला, हे या घाईत विचारायचं राहून जातं. केक कापायला लागतो तेवढ्या वेळात ते कळणारही नसतं.

ही गोष्ट मला दाखवून दिली आमच्या वसईतल्या एका निवृत्त शिक्षिकेने. अर्धा गाव त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणतात. घरात सामवेदी बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा, अशा इथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या त्या. आपल्या धर्मग्रामातल्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं, म्हणजे गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या मंडळाचं, काम त्या कित्येक वर्षं करताहेत.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. मिस्सा संपताना फादर घोषणा करतात आणि वाडीवाडीतून तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड जमायला लागते. नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरणारी पोरं सोबत डबा नेतात, त्यातले पैसेही यातच येतात. चर्चच्या हॉलमध्ये वजनकाटा लागतो, पिशव्या भरल्या जातात, पोरासोरांचा नुसता गलका. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काम ते हेच. बाईंच्या मते यात काम असं काही नाहीच. त्या म्हणतात, "पिशव्या भरायला शंभर हात येतात रे. कुठे न्यायच्या ते मात्र वहीच सांगते."

वही वर्षभर चालू असते. सोसायटीचे सभासद नेमाने बैठक घेतात. प्रार्थना होते, मग एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने बंद मूठ आत घालायची, उघडायची आणि हात बाहेर काढायचा. कोणी किती टाकले आणि कोणी नुसतीच मूठ उघडली, हे कोणाला कळत नाही. सभासदांतही ओढाताणीत असलेले असतातच. त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून ही गुप्त पिशवी. जगभरच्या शाखांतून हीच रीत आहे. मग जोडीजोडीने घरभेटी. एकट्याने जायचं नाही. बसवतील तिथे बसायचं, देतील तो चहा घ्यायचा, स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायचे नाहीत. तिथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. घरातलं कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलंय, कोणत्या मुलीची शाळा बंद पडायच्या बेतात आहे, एवढंच वहीत उतरतं.

या वहीचं मोल मला कळलं ते वीटभट्ट्यांमुळे. थंडी पडली की शहरातून ब्लँकेटं भरलेल्या गाड्या आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर येतात. पाड्यावर जाऊन बघावं तर कित्येक घरांना कुलूप, नाहीतर अंगणात एखादी म्हातारी. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. ऐन थंडीत ती माणसं उघड्या माळावर विटांच्या आडोशाला झोपलेली असतात आणि त्यांच्या नावाची ब्लँकेटं पाड्यावर वाटली जात असतात. बाईंच्या वहीत अशा कुटुंबांपुढे दोन पत्ते आहेत, एक पावसाळ्यातला, एक दिवाळीनंतरचा.

ही घरभेटीची पद्धत सुरू झाली पॅरिसमध्ये. १८३२ साली त्या शहरात कॉलऱ्याने १८ हजारांहून अधिक माणसं मेली. सॉर्बोनच्या परिसरात तेव्हा तरुणांचे वादविवाद रंगत. त्यात एकदा चर्चच्या विरोधकांनी थेट विचारलं : तुमच्या धर्माने पूर्वी काय केलं ते राहू द्या, आज या शहरातल्या गरिबांसाठी तुम्ही काय करता? फ्रेडरिक ओझानाम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न लागला. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे नेमक्या त्याच्या विसाव्या वाढदिवशी, मूठभर मित्रांची, म्हणजेच या सोसायटीची, पहिली बैठक भरली. उत्साह भरपूर होता, पण जायचं कोणाकडे हे एकालाही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं रोझाली राँद्यू या सिस्टरला. मुफ्तार भागातल्या दरिद्री गल्ल्यांत तिचा जन्म गेला होता. तिने या मुलांना घरं दाखवली, तिथे कसं वागायचं ते शिकवलं. पावाच्या आणि सरपणाच्या चिठ्ठ्याही सुरुवातीला तिच्याकडूनच मिळाल्या. ओझानाम पुढे प्राध्यापक झाला आणि अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारला. त्याची सोसायटी आज दीडशेच्या आसपास देशांत आहे, आणि तिचं मुख्य काम अजूनही कोणाच्या तरी दारावर टकटक करणं हेच आहे.

अशा घरभेटींना एक वाईट बाजूही आहे. गरीब लायक आहे का हे तपासायला येणारे सभ्य लोक, त्यांचे उपदेश, त्यांच्या भुवया, हे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने पुष्कळ पाहिलं. वही ज्याच्या हातात, त्याच्या हातात सत्ता येतेच. बाईंना हे मी विचारलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. "म्हणून तर दोघांनी जायचं," त्या म्हणाल्या, "एकाला माज चढला तर दुसऱ्याने सांगायला."

दुसरा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. चर्च पिशवी देतंय म्हणजे पिशवीमागे काहीतरी असणार. हाही मी विचारला, कारण वाचक मला तो विचारणारच होते. बाईंनी भरून ठेवलेली एक पिशवी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बघ उघडून." तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा, साबण आणि वर करंज्यांचा पुडा. कागदाचा एक चिटोरा नव्हता. वहीत धर्माचा रकाना नाही, आणि निम्म्याहून जास्त नावं ख्रिस्ती नाहीत. गरज बघावी, पंथ बघू नये, हा सोसायटीच्या नियमांतलाच भाग. ज्यांना यावरही शंका आहे त्यांनी एखाद्या घरभेटीला सोबत जायला हरकत नाही. माणसं कमीच पडतात.

गंमत म्हणजे ज्याच्या नावाने डिसेंबरात लाल टोप्या विकल्या जातात, त्या सांताक्लॉजच्या मूळपुरुषाची कथाही हेच सांगते. संत निकोलस हा चौथ्या शतकातला मायराचा बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात आहे. एका कफल्लक बापाला तीन मुलींची लग्नं करता येत नव्हती, त्या विकल्या जाण्याची वेळ आली होती, तेव्हा निकोलसने रात्रीच्या अंधारात त्याच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी ही आख्यायिका. त्याने हे गुपचूप केलं, याचं कौतुक सगळे करतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याला खिडकी नेमकी माहीत होती.

रोममध्ये तर पत्त्याच्या या प्रश्नातून एक अख्खा रस्ता निर्माण झाला. १९८२च्या नाताळात सांत एजिदिओ या ख्रिस्ती समुदायाने त्रास्तेवेरे भागातल्या सांता मारिया या प्राचीन चर्चमध्ये टेबल मांडलं आणि एकटे पडलेले म्हातारे, रस्त्यावर राहणारे अशा वीसेक जणांना जेवायला बोलावलं. आता हे जेवण अनेक देशांत होतं, पण पद्धत तीच : पाहुण्याला त्याच्या नावाने आमंत्रण, आणि भेटवस्तूवरही त्याचं नाव. नाव लिहायचं म्हणजे नाव माहीत हवं, आणि ते माहीत व्हायला आधी वर्षभर त्या माणसाशी बोलावं लागतं. त्याच हिवाळ्यात, ३१ जानेवारी १९८३ रोजी, रोमच्या तेर्मिनी स्थानकावर मोदेस्ता व्हालेंती नावाची बेघर वृद्धा आजारी पडली. अंगात उवा आहेत म्हणून रुग्णवाहिकेने तिला नेलं नाही, आणि ती तिथेच मेली. समुदाय दरवर्षी तिच्यासाठी प्रार्थना करतो. पुढे रोमच्या पालिकेने नोंदवहीत तिच्या नावाचा एक काल्पनिक रस्ता घातला. शहराच्या नकाशात शोधून तो सापडणार नाही. बेघर माणसाला सरकारी कागदावर पत्ता मिळावा आणि त्या पत्त्यावर त्याचे हक्क मिळावेत, एवढ्यासाठी तो आहे.

मोदेस्ता मेली ती जानेवारीच्या शेवटी, हे मला विसरता येत नाही. नाताळ उलटून महिनासुद्धा झाला होता, थंडी मात्र होतीच. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या लेओनहार्ट चर्चने हे ओळखलं आणि १९९५ पासून आपला उपक्रम मुद्दाम नाताळानंतर ठेवला. जानेवारीपासून काही आठवडे ते चर्च भोजनगृह होतं. नाममात्र पैशांत गरम जेवण, शिवाय डॉक्टर आणि केस कापणारे. जेवायला गरीब येतात तसे सुस्थितीतलेही येतात आणि एकाच टेबलावर बसतात. ही कल्पना पुढे त्या भागातल्या अनेक गावांनी उचलली.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण जानेवारी येतोच. नाताळच्या पिशवीतला तांदूळ पंधरा दिवसांत संपतो. बाईंचं जानेवारीतलं काम फोटोत येण्यासारखं नसतं. कोणाच्या रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचंय, कोणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून विधवा पेन्शन अडलंय, भट्टीवरच्या पोरांना जवळच्या शाळेत बसू द्या म्हणून हेडमास्तरांना गाठायचंय. यातलं बरंचसं खरं तर सरकारनेच करायचं, आणि बाई ते चर्चच्या पैशांतून न करता सरकारकडूनच करून घेतात. दयेपेक्षा या खेटे घालण्याने त्या घरांचं जास्त भलं होतं, असं माझं मत झालं आहे.

तेव्हा या डिसेंबरात ज्यांना काही द्यावंसं वाटतंय, त्यांनी जरूर द्यावं. फक्त देण्याआधी, ज्याच्याकडे अशी वही आहे असा माणूस शोधावा. तो चर्चमध्ये सापडेल, गुरुद्वाऱ्यात, मशिदीत, एखाद्या अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यातल्या समाजसेविकेच्या टेबलापाशी सापडेल. त्याला विचारावं, कमी काय पडतंय. उत्तर केक असं येणार नाही.

मी बाईंना विचारलं होतं, यंदा किती पिशव्यांचे पैसे देऊ? त्यांनी वही चाळली. "पिशव्यांचे झालेत. तू फेब्रुवारीत दे. डायलिसिसला जाणारा एक जण आहे, त्याचं रिक्षाचं भाडं डिसेंबरात कोणीही देतं."