मेट्रोच्या बाहेरची तीस मिनिटं

नागपुरात मेट्रोचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक अभिमानवाली. यांना गिनीज बुकातला वर्धा रोडचा डबल डेकर पूल, गड्डीगोदामचं चार मजली प्रकरण, झिरो माइलचं चकाचक स्टेशन, सगळं तोंडपाठ. दुसरी पार्टी "काय गरज होती बे?" वाली. यांनी कधीतरी भर दुपारी रिकामा डबा पाहिलेला असतो आणि तेवढ्यावरून निकाल लावलेला असतो. पहिली पार्टी किलोमीटर मोजते, दुसरी रिकाम्या खुर्च्या मोजते. माझं म्हणणं असं, की मोजायला हवीत ती मिनिटं. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंतची, आणि त्यातही गाडीच्या बाहेर जाणारी.

जी मंडळी नागपूर सोडून हिंजवडीला स्थायिक झाली आहेत त्यांच्यासाठी आधी थोडा नकाशा. ऑरेंज लाइन दक्षिणेला खापरीहून निघते, वर्धा रोडने विमानतळ, छत्रपती चौक, अजनी करत बर्डीला येते आणि पुढे झिरो माइल, कस्तुरचंद पार्क, इंदोरा करत उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौकात संपते. अ‍ॅक्वा लाइन पश्चिमेला लोकमान्य नगरहून निघते, हिंगणा रोड, अंबाझरीचा तलाव, शंकर नगर, बर्डी, रेल्वे स्टेशन, सेंट्रल अव्हेन्यू असं करत पूर्वेला प्रजापती नगर गाठते. दोघींची गाठ पडते ती सीताबर्डीला. म्हणजे नकाशावर सरळसरळ एक अधिकचं चिन्ह. नागपूरला हे नवीन नाही म्हणा. देशाच्या चार दिशांचे रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तो डायमंड क्रॉसिंग आपल्या गावातच तर आहे!

ऑगस्ट २०१४ मध्ये भूमिपूजन झालं. ७ मार्च २०१९ ला खापरी ते बर्डी मार्गाचं उद्घाटन, जानेवारी २०२० मध्ये लोकमान्य नगरची बाजू, आणि ११ डिसेंबर २०२२ ला उरलेले दोन हात. पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च होता ८,६८० कोटी रुपये आणि लांबी चाळीस किलोमीटरच्या आसपास. साडेआठ वर्षांत हे अधिकचं चिन्ह पुरं झालं. आपल्याकडे एखादा उड्डाणपूल किती वर्षं घेतो हे आठवा, म्हणजे यातलं कौतुक कळेल. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पण तिथून जाताना इंजिनियर या शब्दाचा मूळ अर्थ आठवतो आणि थोडं खजील व्हायला होतं :-)

तर कौतुक मनापासून. पण अधिकच्या चिन्हाची एक गंमत असते. त्याचे हात जितके लांब, तितके मधले चार कोपरे मोठे. नैऋत्येला त्रिमूर्ती नगर, गोपाळ नगर. आग्नेयेला मानेवाडा, हुडकेश्वर, नंदनवन. वायव्येला गिट्टीखदान, बोरगाव, मानकापूर. ईशान्येला कळमना. नागपूर वाढलं ते या कोपऱ्यांत, रिंग रोडच्या अल्याड-पल्याड. आमच्या ऑफिसातला एक मित्र म्हणतो तसं, "भाऊ, मेट्रो भारी आहे, पण ते माह्या घराकडून जाऊन नाही राहिली ना!"

आता जरा हिशोब करू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, तुम्ही आपापले टाकून बघा. समजा मेट्रोचा प्रवास आठ किलोमीटरचा आहे. थांबे धरून ताशी ३२ किलोमीटर वेग धरला तर गाडीत १५ मिनिटं. घरून स्टेशनपर्यंत चालत १२ मिनिटं. जिने, तपासणी, तिकीट मिळून ३. गाडी दर १० मिनिटांनी असेल तर सरासरी ५ मिनिटं वाट बघणं. उतरल्यावर ऑफिसपर्यंत १० मिनिटं. बेरीज ४५. याउलट अ‍ॅक्टिव्हा. तेच आठ किलोमीटर ताशी वीसने गेलात तर २४ मिनिटं, पार्किंगची ४ मिळून २८. अ‍ॅक्टिव्हा जिंकली आणि वादही संपला!

पण ती ४५ मिनिटं नीट बघा. त्यातली फक्त १५ गाडीतली आहेत. उरलेली ३० गाडीच्या बाहेरची.

आमच्या धंद्यात जीन अ‍ॅमडाल नावाच्या गृहस्थांचा १९६७ सालचा एक नियम आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर, एखाद्या कामाचा जो भाग तुम्ही वेगवान करताय तो मुळात एकूण वेळेचा तिसरा हिस्साच असेल, तर तो कितीही वेगवान केला तरी फायदा एक तृतीयांशाच्या पुढे जाणार नाही. आपल्या मेट्रोला लावून बघा. गाडीचा वेग दुप्पट केला तर साडेसात मिनिटं वाचतील. गाडी अगदी जादूने शून्य सेकंदात पोचली तरी ३० मिनिटं लागणारच, म्हणजे अ‍ॅक्टिव्हापेक्षा दोन जास्तच! आता उलट करा. गाडीला हात लावू नका. दारापासून स्टेशनपर्यंतची १२ मिनिटं फीडर बसने ७ वर आणा, पलीकडची १० मिनिटं ६ वर आणा, आणि गाडी दहाऐवजी पाच मिनिटांनी सोडा. वाचली साडेअकरा मिनिटं. एक फूटही नवीन रूळ न टाकता.

बर्डीला गाडी बदलायची असेल तर वाट बघणं दोनदा होतं. म्हणून दोन गाड्यांमधलं अंतर कमी करणं याचा फायदाही दोनदा होतो. नेटवर्क दोनच लाइनींचं असेल तर अर्धं शहर बदली करूनच जाणार, हे उघड आहे.

शिवाय सगळी मिनिटं सारखी नसतात. डिसेंबरातली बारा मिनिटं चाल म्हणजे मॉर्निंग वॉक. मे महिन्यात पारा ४६ वर गेलेला असताना तीच बारा मिनिटं म्हणजे डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि देवाचं नाव. एसी डब्यात पंधरा मिनिटं गारेगार बसून खाली उतरायचं आणि डांबरावर अर्धा किलोमीटर भाजून निघायचं, हा सौदा शहाणा माणूस उन्हाळ्यात चार महिने करत नाही. आणि चार महिने गाडीवर गेलेला माणूस पाचव्या महिन्यात परत येत नाही. त्यामुळे स्टेशनभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरात सलग फूटपाथ आणि झाडाची सावली असणं हा नागपुरात सुशोभीकरणाचा विषय नाहीच. तो मेट्रोचाच भाग आहे, रुळांइतका.

इथपर्यंत मी अ‍ॅक्टिव्हाशी तुलना केली, कारण आपण सगळे त्याच नजरेने बघतो. पण ही तुलना आपल्यापुरतीच खरी आहे. माझी आई गाडी चालवत नाही. आम्ही वासुदेव नगरजवळ राहतो. अ‍ॅक्वा लाइन सुरू होण्याआधी तिला बर्डीला जायचं तर मी किंवा बाबा रिकामे आहोत का हे बघावं लागे, नाहीतर ऑटोवाल्याशी घासाघीस. आता ती महिन्यातून तीन-चारदा एकटी जाते. मोदी नंबरच्या गल्ल्यांतून फिरते, हवं ते घेते, परत येते. "आता कोणाला विचारावं लागत नाही," एवढंच ती म्हणाली, पण ते मला पुरेसं होतं. तिच्या दृष्टीने मेट्रोची स्पर्धा अ‍ॅक्टिव्हाशी नव्हतीच. स्पर्धा होती घरी बसून राहण्याशी.

मात्र तिची बहीण राहते म्हाळगी नगरला. आग्नेयेच्या त्या मोठ्या कोपऱ्यात. तिकडे जायचं म्हटलं की पुन्हा, "रविवारी सोडशील का रे?" अधिकच्या चिन्हावर असलेली माणसं मोकळी झाली आणि कोपऱ्यातली होती तिथेच राहिली. कॉलेजच्या मुली, म्हातारी माणसं, गाडी न परवडणारे, सगळ्यांचं हेच. ज्यांना मेट्रोची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यासाठी ती बाहेरची तीस मिनिटं ठरवतात, की घराबाहेर पडायचं की नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो चुकीचा नाही. एका तीन डब्यांच्या गाडीत सुमारे ९७० माणसं मावतात. गर्दी नसताना अशा गाड्या पाच-पाच मिनिटांनी पळवायच्या म्हणजे वीज आणि पगार हवेत उडवायचे का? प्रवासी आले की गाड्या वाढवू. ठीक. पण प्रवासी म्हणतो गाड्या वाढल्या की येऊ. हे म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसं झालं. आधी कोणीतरी हलायला हवं, आणि त्यातल्या त्यात स्वस्तात हलता येतं ते बसला. दिवसभर गाड्या दुप्पट करू नका, सकाळ-संध्याकाळ करा. पण त्या प्रत्येक गाडीला जोडून खाली बस उभी असू द्या.

आपल्या आधी हे केलेलं एक गाव आहे, झुरिक. लोकसंख्येने नागपूरपेक्षा बरंच लहान. तिथल्या लोकांनी १९६२ मध्ये ट्राम जमिनीखाली न्यायची योजना आणि १९७३ मध्ये भुयारी मेट्रोची योजना मतदान करून नाकारली. मग १९७७ मध्ये त्याच लोकांनी २० कोटी फ्रँक मंजूर केले, कशासाठी? तर असलेल्या ट्राम आणि बस सिग्नलवर, गर्दीत अडकू नयेत म्हणून. १९९० पासून तिथे सगळ्या परिसराला एक वेळापत्रक आणि एक तिकीट आहे, मग ती ट्राम असो, बस असो की लोकल. मेट्रो नको असा याचा अर्थ मी काढत नाही. आपली तर झालीच आहे, आणि उत्तम झाली आहे. त्यांनी गाडीबाहेरचा वेळ मोजला आणि त्यावर पैसे खर्च केले, इतकंच घेण्यासारखं.

आपल्याकडे पैसे पुढे कुठे चाललेत? दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. ४३.८ किलोमीटर, ३२ स्टेशनं, ६,७०८ कोटी रुपये. चारही हात लांब होणार आहेत: बुटीबोरीच्या एमआयडीसीकडे, कन्हानकडे, हिंगण्याकडे आणि कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरकडे. याला माझा विरोध नाही. उलट लांब प्रवासातच मेट्रो अ‍ॅक्टिव्हाला हरवते, आणि बुटीबोरी-हिंगण्याचा कामगार रोज हायवेवर जीव मुठीत धरून जातो. पण भागाकार करा. किलोमीटरला साधारण १५३ कोटी. एक इलेक्ट्रिक बस कोटी-दीड कोटीच्या घरात येते. म्हणजे एका किलोमीटरच्या पैशात शंभरएक बस. चालवायचा खर्च वेगळा, मान्य. पण शंभर फीडर बस म्हणजे चारही कोपरे अधिकच्या चिन्हाला बांधले गेले. आणि हे केलं नाही तर नवीन ३२ स्टेशनांनाही तोच हिशोब लागू होणार. एमआयडीसीत स्टेशनपासून कारखान्याचं गेट दोन-तीन किलोमीटरवर निघालं, तर काय करणार?

मग अडतं कुठे? माझ्या अंदाजाने, जिथे आमची सॉफ्टवेअरंही अडतात तिथेच. दोन मॉड्यूल आपापल्या जागी उत्तम चालतात आणि जोडायला गेलं की बोंब. मेट्रो चालवते महामेट्रो, केंद्र आणि राज्याची निम्मी-निम्मी कंपनी. 'आपली बस' महापालिकेची. फूटपाथ कोणाचा हे रस्ता कोणाचा त्यावर. मिहानचा कारभार आणखी वेगळा. प्रत्येकाचं काम झालेलं असतं, आणि स्टेशनच्या जिन्याखालचा अर्धा किलोमीटर कोणाचाच नसतो. बग तिथे बसलाय.

यात थोडं आपल्याही हातात आहे. मिहानमध्ये नोकरी करणाऱ्यांनी विचारून बघावं: कंपनीच्या बस अख्ख्या शहरात गल्लोगल्ली का फिरतात? खापरी स्टेशनवरून दर गाडीला एक बस सोडली तर कंपनीचं डिझेल वाचेल, आपला वेळ वाचेल, वर्धा रोडवरची गर्दी वाचेल. रात्रीच्या शिफ्टचा प्रश्न राहतो, कारण शेवटची मेट्रो रात्री दहाच्या सुमारास निघून जाते. तेवढ्यांना घरपोच बस ठेवा. पण दिवसाची माणसं तरी मेट्रोवर येतील. नवीन लागलेला पोरगा पहिल्या पगारावर गाडीचं लोन काढायच्या आधी आला तर येईल. एकदा ईएमआय सुरू झाला की तो गेला, पुढची दहा वर्षं.

आणि महामेट्रो व महापालिकेकडे एकच मागणी, सगळ्यात स्वस्तातली. प्लॅटफॉर्मवर पुढची गाडी किती मिनिटांत येणार हे दाखवणारा बोर्ड असतोच. त्यावर एक ओळ वाढवा: खाली उतरल्यावर पुढची बस कुठली आणि किती मिनिटांत. ती ओळ खरी लिहायची म्हटलं तर दोन खात्यांना एकत्र बसून वेळापत्रक जुळवावंच लागेल, बस वेळेवर सोडावीच लागेल. माझी आई तो बोर्ड नक्की वाचेल. तिला बहिणीकडे जायचं आहे, आणि रविवारपर्यंत थांबायचं नाहीये.